पन्नास पौंडांचा कॅमेरा

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना काय आठवतं? अवॉर्ड! टीव्हीवर बातमी येते, अमुक नटाला यंदाचा फाळके पुरस्कार जाहीर, आणि आपण मेसच्या रांगेत उभं राहून वर बघतो. १९६९ सालचा पहिला पुरस्कार देविकाराणींना मिळाला आणि तेव्हापासून दर वर्षी हे नाव आपल्या कानावर पडतंय. पण ज्याच्या नावाने हा पुरस्कार आहे तो माणूस आयुष्यातली पहिली चाळीस वर्षं काय करत होता, हे किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. शाळा कॉन्व्हेंटची, इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर दीड ओळ, तीही इंग्रजीत.

आता फाळकेच का, ते सांगते. आपल्या हॉस्टेलवर सध्या कॅमेरा ड्रोनची साथ आली आहे. कोणाच्या भावाने घेतला, कोणी भाड्याने आणतो, कोणी हळदीची ऑर्डर घेऊन दोन-तीन हजार कमावतो आणि सोमवारी सबमिशनला दांडी मारतो. मी स्वतः दातिवऱ्याची. सफाळ्याला उतरून पुढे किनाऱ्यापर्यंत गेलं की आमचं गाव, जिथे वैतरणा समुद्राला मिळते आणि खाडीपलीकडे अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. सुट्टीत मीही तिथे मावसभावाचा ड्रोन उडवायला शिकले. दिवाळीत घरी विषय काढला की शेवटच्या वर्षाला जाण्याआधी स्वतःचा घ्यावा, हप्त्याने. तो वाद अजून मिटलेला नाही. त्या वादात वडिलांना काहीतरी ठोस उदाहरण द्यावं म्हणून फाळक्यांचं चरित्र वाचायला घेतलं, तर त्यात माझ्यापेक्षा वडिलांच्याच बाजूचे मुद्दे जास्त निघाले!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, घर मुंबईला आलं आणि धुंडिराजने १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. नंतर मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेला, तिथल्या कलाभवनात शिकला. चित्रकला, मूर्तिकाम, आर्किटेक्चर, फोटोग्राफी, सगळ्यात हात घातला. कलाभवनचे प्रा. गज्जर यांनी या मुलाला फोटो स्टुडिओ आणि लॅब वापरायला दिली. आपल्याकडे लॅबची किल्ली मागायला गेलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे गज्जर सरांना माझा खास नमस्कार.

पण शिक्षण झालं म्हणून पोट भरतं असं थोडंच आहे? १८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला धंदेवाईक फोटोग्राफर म्हणून दुकान मांडलं. म्हणजे आजच्या भाषेत ऑर्डरी घेणारा पोरगा. तिथे प्लेग आला आणि १९०० साली त्यात पहिली बायको आणि मूल, दोन्ही गेले. वय तीस. बडोद्याला परत येऊन पुन्हा कॅमेरा उभा केला, तर लोकांत अफवा की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं. गिऱ्हाईकच येईना. लिंबडीच्या राजपुत्राचीही तीच समजूत. त्यांना समजावून फोटो काढला खरा, पण त्याने धंदा काही सावरला नाही.

मग काय केलं? नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग लावले! १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. बायको किर्लोस्कर नाटक मंडळींच्या नात्यातली, माहेरचं नाव गिरिजा, सासरचं सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे सगळा भार हिच्यावर आहे. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर-ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. कोणत्याही आईवडिलांनी पेढे वाटले असते. यांनी तीन वर्षांत सोडली. स्वदेशीचे दिवस होते, भागीदारीत छापखाना काढला, आधी लोणावळ्याला, नंतर दादरला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला थेट जर्मनीला जाऊन आले. छापखाना उत्तम चालू लागला आणि भागीदारांशी बिनसलं. बाहेर पडले. छापखान्यात परत पाऊल टाकणार नाही म्हणून बसले. दुसऱ्यांनी भांडवल देऊ केलं तरी नाही.

इथवरची यादी पाहिली की कोणीही म्हणेल, या माणसाचं काही खरं नाही. चित्रकार, फोटोग्राफर, पडदेवाला, जादूगार, सरकारी नोकर, छापखानेवाला. चाळीस वर्षांचा, पदरी पोरं, हाताला काम नाही. मला मात्र ही यादी वेगळी वाटते. फोटोग्राफीतून लेन्स आणि डेव्हलपिंग, पडद्यांमधून सेट, जादूतून ट्रिक, छापखान्यातून रसायनं आणि मशिनरी. पुढे सिनेमाला जे लागलं ते सगळं आधीच्या फसलेल्या धंद्यांत मिळालेलं. त्यांना स्वतःला तेव्हा हे माहीत असायचं कारण नाही.

१९११ च्या एप्रिलात, इस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या तंबू थिएटरात ते मुलाला घेऊन सिनेमा बघायला गेले. मुलाने घरी येऊन पडद्यावर प्राणी चालताना पाहिल्याचं सांगितलं, आईला खरं वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब गेलं. त्या दिवशी होता येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर वर्षी गुड फ्रायडेच्या आधी आम्हाला हॉलमध्ये बसवून असाच एक सिनेमा दाखवायचे. तेवढ्यापुरता सगळा हॉल गप्प व्हायचा, मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा. फाळक्यांच्या डोळ्यांसमोर मात्र येशूच्या जागी राम आणि कृष्ण येऊ लागले. आपले देव असे पडद्यावर का हलू नयेत, हा एकच प्रश्न डोक्यात बसला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुंबईत सिनेमा दाखवला गेला ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात, ल्युमिए बंधूंचा. आणि आपल्या माणसांत पहिला मूव्ही कॅमेरा चालवला तो फाळक्यांनी नव्हे, सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचं स्वागतही शूट केलं. आजची इव्हेंट शूटिंगवाली मंडळी खरं म्हणजे सावे दादांची वारस. फाळक्यांना कथा सांगायची होती, आणि त्यासाठी पूर्ण कारखानाच उभा करावा लागणार होता.

तर त्यांनी अभ्यास सुरू केला. रोज चार-पाच तास सिनेमे, रात्री वाचन आणि प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री करतो ते यांनी महिनोन्महिने केलं. डोळे सुजले आणि एक वेळ अशी आली की दिसायचंच बंद झालं. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने नजर परत आली. मित्रांना वाटलं याला वेड लागलंय. आणि नजर आल्यावर या गृहस्थांनी काय केलं? आयुर्विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार उचलले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनच्या बोटीत बसले.

लंडनमध्ये ओळखीचं कोणी नाही. बायोस्कोप नावाचं साप्ताहिक ते मुंबईत वाचायचे, तेवढ्या ओळखीवर सरळ त्याच्या संपादकांच्या ऑफिसात शिरले. त्यांनी आधी या धंद्यात पडू नका असाच सल्ला दिला, मग माणसाची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. हेपवर्थने आपला वॉल्टनचा स्टुडिओ दाखवला, कामं प्रत्यक्ष करून बघू दिली. तिथेच संपादकांच्या आणि हेपवर्थच्या सल्ल्याने पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. कोडॅकची कोरी फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली. १ एप्रिलला परत मुंबई. जाऊन-येऊन दोन महिने, त्यातला बराचसा वेळ समुद्रातच.

पन्नास पौंड म्हणजे तेव्हाचे साडेसातशे रुपये, कारण पौंडाचा भाव पंधरा रुपये होता. हा आकडा किती मोठा ते पुढे त्यांच्या नटाच्या पगारावरून कळतं. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा पोरगा महिना दहा रुपयांवर काम करत होता. फाळक्यांनी त्याला पंधरा देऊ केले. म्हणजे कॅमेऱ्याची किंमत झाली नटाचा पन्नास महिन्यांचा पगार! आमच्या घरी हप्त्याचं गणित मांडताना मी हे सांगितलं नाही.

आता जरा ड्रोनबद्दल. दातिवऱ्याच्या वाळूत शिकताना जे कळतं ते असं: दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि बॅटरी उतरत असताना वाऱ्याबरोबर परत यायचं. उलट केलं तर ड्रोन गेला खाडीत. वाळूतून थेट उडवायचा नाही, मोटरमध्ये कण शिरतात, खाली पाट किंवा पुठ्ठा हवा. घारी अंगावर येतात. होड्या वाळूवर ओढताना वरून फार सुंदर दिसतात, पण कॅमेरा हळू, एका गतीने फिरवणं हीच खरी विद्या. हे सगळं करायला यंत्र आपल्याला मदत करतं. सॅटेलाइट जागा धरून ठेवतात, गिंबल हादरे खातो, फोनवर चित्र त्याच क्षणी दिसतं.

विल्यमसन कॅमेऱ्यात यातलं काय होतं? लाकडी पेटी, एक लेन्स आणि हाताने फिरवायचा दांडा. सेकंदाला साधारण दोन फेरे, त्यात सोळा फ्रेम. फेरा हळू झाला की पडद्यावर माणसं धावणार, जलद झाला की रेंगाळणार. काय टिपलं गेलं ते डेव्हलप केल्याशिवाय कळायचं नाही. आणि फिल्म यायची ती भोकांशिवाय! ३५ एमएमच्या फिल्मला एका फुटात एका बाजूला चौसष्ट भोकं लागतात. राजा हरिश्चंद्र ३७०० फुटांचा होता. दोन्ही बाजू धरून गुणाकार करा, पावणेपाच लाखांच्या जवळ जातो, तोही फक्त एका प्रतीचा. ही भोकं अंधारात पाडायची, कारण उजेड लागला की फिल्म खलास. ते काम कोणी केलं? सरस्वतीबाईंनी. घरातल्या अंधाऱ्या खोलीत, दिवसभराचा स्वयंपाक आटोपून. फिल्म धुणं, रसायनं कालवणं हेही त्या शिकल्या. शूटिंगच्या वेळी साठ-सत्तर माणसांचं जेवण त्याच बघत. दागिने त्यांनी आधीच गहाण टाकले होते. आपल्याकडे दादासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि या बाईंचं नाव क्विझमध्येसुद्धा विचारत नाहीत.

भांडवल मिळवायला फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली, अंकुराची वाढ. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोड्याथोड्या फ्रेम घेत गेले. मिनिटभरात बीज फुटून वेल वर चढते. बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं की दिवसाला एकच फ्रेम घेतली. मित्रांनो, आपण इंजिनिअर आहोत ना? तीस फ्रेम म्हणजे दोन सेकंदही पडदा हलत नाही. मिनिटाला साडेनऊशेच्या वर फ्रेम लागतात, म्हणजे रोज तीसेक तरी घेतल्या असणार. यालाच आपण फोनमध्ये टाइमलॅप्स म्हणतो. ही फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी पैसे दिले. माझ्या मते सगळ्या चरित्रातली सर्वांत हुशार चाल हीच. नुसतं तोंडाने न सांगता मिनिटभराचं काम करून दाखवलं.

मग राजा हरिश्चंद्र. दादरच्या घराशेजारी सेट, हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दाबके, रोहिदास म्हणून स्वतःचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारून झालं, कोणी तयार होईना, म्हणून शेवटी साळुंके. कॅमेऱ्यावर लहानपणचे मित्र त्र्यंबक तेलंग, त्यांना फाळक्यांनीच शिकवलं. सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी, म्हणून नटांना सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत म्हणा. परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव इथूनच आलं.

आउटडोअर वांगणीला होतं. मंडळी भाले-तलवारी घेऊन पुढे पोचली आणि गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. पोलिसांनी सगळ्यांना धरलं. फाळके मागून आले, त्यांनी कॅमेरा उघडून प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा कुठे सुटका झाली. याला हसू नका. २०२४ मध्ये मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या अफवांनी गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली होती. आमच्या पट्ट्यात तर वर तारापूरचं अणुवीज केंद्र, त्यामुळे तिकडे ड्रोन न्यायचं नावही काढायचं नाही, नकाशात आधी झोन बघायचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. त्याहून जड घेऊन पैशाची ऑर्डर घेतली तर लागतं, हे हॉस्टेलच्या काही वीरांनी कृपया वाचावं.

वांगणीचीच आणखी एक हकीकत सांगतात. भालचंद्र खेळताना दगडावर पडला, डोकं फुटलं, बेशुद्ध झाला. फाळक्यांनी औषधपाणी केलं आणि मेलेल्या रोहिदासाचा सीन तो बेशुद्ध असतानाच घेतला. मी हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं. काही जण याला निष्ठा म्हणतील. मला नाही म्हणवत. सरस्वतीबाईंना हे कधी आणि कसं कळलं असेल, याचाच विचार मी करत राहिले.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपियात निवडक लोकांसाठी खेळ आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी. सोबत नाच आणि कसरतीही होत्या, कारण लोकांना पैशात भरपूर बघायची सवय. तेवीस दिवस चालला. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये! तेव्हा त्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. फोटोंचा आकडा जवळपास बरोबर आहे, ३७०० गुणिले सोळा करून बघा. दोन मैल मात्र शुद्ध थाप, पाऊण मैलही भरत नाही. गल्ला मात्र वाढला.

पुढचं थोडक्यात सांगते. बिऱ्हाड नाशिकला हलवलं. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, या पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया. १९१४ मध्ये चित्रपट घेऊन पुन्हा लंडन, तिथे राहून काम करायचं निमंत्रण आलं, नाकारलं. त्याच वर्षी महायुद्ध लागलं आणि सावकारांनी हात आखडले. १९१७ च्या लंकादहनने सगळं फेडलं. साळुंके त्यात राम आणि सीता दोन्ही! हनुमान आकाशात उडाला तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठले म्हणतात. कॅमेरा मात्र जमिनीवरच होता, उडायचं ते सगळं ट्रिकने. मद्रासला गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली.

१९१८ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्तान फिल्म कंपनी. कृष्णजन्म, मग कालियामर्दन, त्यात मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पैसा आला आणि पुन्हा भागीदारांशी वाजलं. भागीदारांना हिशेब हवा, यांना मनासारखं काम. रागाने काशीला निघून गेले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. ते चाललं नाही, १९२२ मध्ये कंपनीत परत. माझ्या मते इथे चूक एका बाजूची नव्हती. छापखान्यात जे झालं तेच पुन्हा झालं. हा माणूस खर्चाची वही कोणाला दाखवायला तयार नसे, आणि सिनेमा तर एकट्याच्या खिशातून होत नाही.

मग बोलपट आला. सेतुबंधन मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज चढवावा लागला. सदुसष्टाव्या वर्षी कोल्हापूरला गंगावतरण केला, त्यांचा एकमेव खरा बोलपट, आणि शेवटचा. पंचवीस वर्षांत जवळजवळ शंभर चित्रपट करणाऱ्या माणसाकडे म्हातारपणी विशेष काही उरलं नव्हतं. १९३९ मध्ये सिनेधंद्याचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा एक थैली मिळाली. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला वारले.

राजा हरिश्चंद्रची आज पहिली आणि शेवटची, अशी दोनच रिळं शिल्लक आहेत, पुण्याच्या फिल्म संग्रहालयात, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या प्रतीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. तिथेच चित्रपट कसे तयार करतात या त्यांच्या छोट्या फिल्मचे तुकडेही आहेत. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना काम समजावताना आणि हातात फिल्मची पट्टी धरून एकेक चौकट तपासताना.